शून्याच्या रेघेवरचा ठिपका

"बाई, गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की स्त्रीबीज बाहेर पडत नाही ना? मग ती बीजं शिल्लक राहतात का? म्हणजे गोळ्या घेणाऱ्यांची पाळी उशिरा जाते का?"

तोंड कधी बंद नसणाऱ्या टकळीकडे अख्ख्या वर्गाने वळून पाहिलं. मागच्या बाकावर पाच मैत्रिणी तोंडात ओढण्या कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. विचारलं नाही तर टकळीने आठवडाभर पाचही दप्तरं वाहायची. टकळीला दप्तरं नको होती आणि लाज तर गेल्या वाढदिवसापासून वाटेनाशीच झाली होती.

जीवशास्त्राच्या बाईंनी खडू खाली ठेवला. "बीजं डब्यात भरून ठेवल्यासारखी साठत नाहीत. गोळी घ्या नाही तर न घ्या, दर महिन्याला शेकड्यांनी आपोआप विरून जातात. मुलं झालेल्यांची पाळी सरासरीने थोडी उशिरा थांबते, असं दिसतं खरं. का, ते नीट कळलेलं नाही. प्रश्न चांगला आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच प्रकल्प कर."

झालं! टकळीने फॉर्म छापले. मुलं किती? गोळ्या, तांबी, ऑपरेशन की काहीच नाही? पाळी गेली तेव्हा वय? नाव लिहायचं नाही, घडी घालून इमारतीच्या लिफ्टजवळच्या कुलूपबंद पेटीत टाकायचं.

तिला वाटलं, काकू-मावश्या कानांवर हात ठेवतील. छे! पेटी दोन दिवसांत गळ्यापर्यंत भरली. एकीने लिहिलं होतं, "तांबी दोनदा बसवली, पण धाकटा तिला न जुमानता आला." दुसरीने पाठच्या कोऱ्या बाजूवर नवऱ्याबद्दल अकरा ओळी लिहिल्या होत्या, तसा प्रश्न नसताना. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू तर जिन्यातच अडवून म्हणाल्या, "ऑपरेशनचं साल चुकलं गं माझं, खोडून दे!"

"काकू, तुमचा फॉर्म कुठला ते मला कसं कळणार? गुप्त आहे ना!"

"माझं कसलं गुप्त? सगळ्यांना माहितीये!"

फक्त आत्या म्हणाली, "माझं काय लिहायचं त्यात?" आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलेलं नाही. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ती टकळीच्याच खोलीत झोपायची. मग एकाएकी तिला काय झालं कोण जाणे. कडाक्याच्या थंडीत पंखा पाचावर, खिडक्या सताड उघड्या. आई कुरकुरायची, "ताई, तुमचं आपलं काहीतरीच!" बाबा हसायचे. दहा वर्षांच्या टकळीने तर पाय आपटून सांगितलं होतं, "मला नको हिच्याबरोबर. विचित्र आहे ही!" आत्याने उशी उचलली आणि जिन्याशेजारच्या खोलीत गेली. त्या खोलीत एक कॉट, एक खुर्ची, एक पंखा. दुसरी खुर्ची कधी लागलीच नाही.

तर प्रदर्शन. टकळीचा तक्ता भिंतभर. आडव्या रेघेवर मुलं, उभ्या रेघेवर वय आणि चोवीस ठिपके. तेवीस ठिपके वर दाटीवाटीने बसलेले. एक मात्र दूर खाली, शून्य मुलं, वय एक्केचाळीस. टकळीने त्याला लाल गोल करून कौतुकाने लिहिलं होतं, "विशेष!" तो कोणाचा, हे विज्ञानाच्या धुंदीत तिच्या डोक्यातही आलं नाही.

अख्खी इमारत बघायला लोटली. बायका तक्त्यावर बोटं ठेवत होत्या.

"हा मी!"

"सरका, तो मी! तुम्ही पलीकडच्या."

"माझी अजून गेली नाही म्हणून मला ठिपकाच नाही होय?" आई रुसली.

मग शिवणकामवाल्या काकूंनी चष्मा वर सरकवला. "आणि हा खाली एकटाच कोण गं?"

 पेटीला कुलूप होतं, फॉर्मवर नाव नव्हतं, पण अख्ख्या इमारतीत चाळिशीपुढची, मूल नसलेली बाई एकच होती. एकेक मान हळूहळू मागे वळली. आत्या दाराशी उभी होती, दुकानातून परस्पर आलेली.

"लाल रंग उठून दिसतोय," ती म्हणाली आणि निघून गेली.

टकळी धावतच घरी आली. आत्या खुर्चीत बसली होती, पंखा पाचावर. टकळी कॉटच्या कडेला टेकली. 

"आत्या, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी लवकर गेलीये, अंगाची अशी आग होणारच, हाडांना जपा. बाकी कुणाचं काय अडलं होतं? दिवसभर लोकांना विचारते, नीट दिसतंय का. मला कुणी विचारलं नाही. तुझ्या कागदाने विचारलं. म्हणून टाकला."

"आणि मी लाल गोल काढला."

"चांगला गोल होता. कंपास वापरलास ना?"

टकळी रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मी इथे झोपायला येऊ?"

"थंडीने कुडकुडशील. आणि तू झोपेतही बडबडतेस."

"येऊ का?"

आत्या पंख्याकडे बघत राहिली. "खुर्ची तुझी तू आण."

आई-बाबा परतले तेव्हा टकळी खुर्ची ओढत घरभर फिरत होती. अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी, खांद्यावर बाबांचं जाडजूड पांघरूण.

"अगं, हे काय सोंग?" आईने विचारलं.

"आजपासून मी आत्याच्या खोलीत झोपणार," टकळीने जाहीर केलं. "आणि पंखा पाचावरच राहणार. विचित्र मी आहे, असं सगळ्यांना सांगा."