लिफ्टमधला मानवी घटक

रुग्णालयाची नवी लिफ्ट स्वतः विचार करणारी असावी, असा निर्णय झाला. आणि तिच्या रचनेत मानवी घटक यथोचित समाविष्ट करावा, असेही त्याच बैठकीत ठरले. मानवी घटक म्हणून लिफ्टमनची नेमणूक झाली. बावीस वर्षं स्टुलावर बसलेला हा माणूस समितीच्या गुबगुबीत खुर्चीत अवघडून बसला. नव्या लिफ्टला लिफ्टमन लागणार नव्हता. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या तर निदान स्टूल तरी राहील, एवढीच बिचाऱ्याची आशा.

"लोकांना काय लागतं ते मोकळेपणाने सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बाई, इथे येणारा माणूस घाबरलेला असतो. त्याला मजला आठवत नाही. मी तोंड बघतो, विचारतो, नेऊन सोडतो."

"अतिशय मौलिक!" बाईंनी इतिवृत्तात नोंद करवली : घबराट मोजण्याची सोय आवश्यक.

पुढच्या बैठकीपर्यंत लिफ्टच्या दारावर पडदा बसला. 'आपली घबराट एक ते दहा यांतून निवडा.'

"अहो, घाबरलेला माणूस आकडे कसले निवडत बसतोय?"

नोंद झाली : आकडा न निवडणाऱ्यास शांत समजावे.

"आणि गडबडीत चष्मा घरीच राहतो हो लोकांचा!"

नोंद झाली : सूचनांची अक्षरे मोठी करावीत. अक्षरे मोठी झाली, सूचना अकरा पानांच्या झाल्या. शेवटी एक हिरवं बटण आलं : 'वाचले, मान्य आहे.' लिफ्टमनने प्रत्येक इतिवृत्तावर आणि सूचनांच्या प्रत्येक पानावर सही केली. वाचलं एकही नाही; पण सही झोकदार यावी म्हणून घरी सराव मात्र करायचा.

उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी त्याची बायको आपल्या आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. म्हातारीला धाप लागली होती.

"अहो, बघताय काय! आईला चौथ्या मजल्यावर न्या आधी!"

लिफ्टमन धावतच पडद्याशी गेला. त्याने आकडा-बिकडा न बघता हिरवं बटण दाबलं.

'धन्यवाद,' लिफ्ट गोड आवाजात म्हणाली. 'आपण शांत आहात. पान नऊनुसार शांत व्यक्तीने जिना वापरण्यास संमती दिली आहे. जिना डावीकडे आहे.' आणि ती रिकामीच वर गेली.

बायकोने पडद्यावर नववं पान काढलं. "खाली सही तर तुमचीच आहे!"

त्याने सासूबाईंना पाठुंगळी घेतलं. दुसऱ्या मजल्यावर त्यालाही धाप लागली.

"जावईबापू," सासूबाई कानाशी पुटपुटल्या, "ही लिफ्ट तुम्हीच केलीत ना?"

म्हातारी वाचली. समितीने अहवालात लिहिलं, तक्रारी शून्य. तक्रार न करण्याची संमती दहाव्या पानावर होतीच. लिफ्टमनचं स्टूलही राहिलं. ते आता जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, दमलेल्यांसाठी ठेवलं आहे आणि तो शेजारी उभा असतो.

लोक त्याला हसतात. तुम्हीही हसलात, हरकत नाही. फक्त आज सकाळी फोनवर जे 'मान्य आहे' दाबलंत, त्याच्या नवव्या पानावर काय आहे, तेवढं सांगा.