घुमीची तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी आईनं लेकीपुढं चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "आज तेवढं तोंड उघड गं बाई. चुकीचं बोललीस तरी चालेल, पण बोल."

लेकीनं मान हलवली. सगळा घोळ तिथंच होता. होकार असो, नकार असो, तिचं काम मानेवर भागायचं. म्हणून तर घरात सगळे तिला घुमी म्हणत आणि कॉलेजातही तेच नाव तिच्यामागं आलं होतं.

या घुमीनं शिकायला काय घ्यावं, तर स्पॅनिश भाषा आणि साहित्य. लेखी परीक्षेत ती वर्गात पहिली. भल्याभल्यांना घाम फोडणारी क्रियापदांची रूपं तिच्यापुढं निमूट ओळीनं उभी राहत. तिकडच्या जाडजूड कादंबऱ्या ती जेवतानासुद्धा वाचायची. तिचे निबंध मॅडम वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि तेव्हा घुमी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं करून वाकून बसायची.

पण तोंडी परीक्षा आली की तिच्या तोंडाला कुलूप. पहिल्या वर्षी ती 'तुझं नाव काय?' या प्रश्नावर नापास झाली. पुढच्या खेपेला नाव सांगितलं, पण त्यानंतर जी दातखीळ बसली ती बसलीच. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. ही हुकली तर पदवी गेली, आणि पुढं साहित्य शिकायला दुसऱ्या कॉलेजात जी जागा मिळाली होती, तीही गेली.

परीक्षक बाहेरून आले होते. धिप्पाड गृहस्थ, भरघोस मिशा, मातृभाषाच स्पॅनिश. इथली भाषा त्यांना 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यापलीकडं येत नव्हती. मुलांना नापास करताना ते फार सभ्यपणे हसतात, अशी त्यांची कीर्ती होती.

परीक्षा ठेवली होती विभागाच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. भिंतींना गाद्या लावलेल्या, खिडकी नाही, दार हातभर जाड आणि त्याला डोळ्याच्या उंचीवर एक चौकोनी काच. आत ओरडलं तरी बाहेर ऐकू जाणार नाही अशी ती खोली. मोबाईल सगळ्यांनी, अगदी परीक्षकांनीही, नियमाप्रमाणं बाहेर टोपलीत ठेवले होते. पहिल्यापासून दार उघडंच ठेवलं होतं. परीक्षकांनी तसं बजावलं होतं. पण घुमीची पाळी आली आणि नेमकं त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बाकं ओढायला सुरुवात केली. मॅडमना वाटलं, आधीच ही पोरगी घाबरट, त्यात हा गोंगाट. त्यांनी मायेनं दार ओढून घेतलं. परीक्षक हात वर करून काहीतरी म्हणत होते, ते तोवर गाद्यांनी गिळून टाकलं होतं.

परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. घुमीनं मान हलवली. दुसरा विचारला. घुमीनं पुन्हा मान हलवली. परीक्षक सभ्यपणे हसले. हे हसणं कशाचं ते घुमीला ठाऊक होतं. मग ते उठले, मॅडमना बोलावून विषय संपवावा म्हणून त्यांनी दाराची मूठ धरून जोरात ओढली, आणि मूठ त्यांच्या हातात आली. दार जागचं हललं नाही.

आधी त्यांनी ती मूठ परत भोकात बसवून पाहिली. मग दारावर थापा मारल्या. मग खांद्यानं धडक दिली. दार आतल्या बाजूला उघडणारं असल्यामुळं ते अधिकच घट्ट बसलं. मग तो धिप्पाड माणूस पांढराफटक पडला, भिंतीला टेकून हळूहळू खाली सरकला आणि जमिनीवर बसून धापा टाकू लागला. बंद जागेचं त्यांना विलक्षण भय होतं. दार उघडं ठेवायची ताकीद त्यासाठीच होती.

घुमी बघत राहिली. माणूस डोळ्यांदेखत गुदमरतोय आणि खोलीत आपल्याशिवाय कुणी नाही, एवढं तिच्या लक्षात आलं. काहीतरी विचारायलाच हवं होतं. 'दमलात का?' असं विचारावं, म्हणून तिनं सगळा जीव गोळा केला आणि तोंड उघडलं. स्पॅनिशमध्ये दमलेल्याला म्हणतात 'कान्सादो' आणि लग्न झालेल्याला 'कासादो'. घाईत घुमीच्या तोंडून मधला 'न' निसटला.

"तुमचं लग्न झालंय का?" तिनं विचारलं.

परीक्षकांनी धापा टाकता टाकता डोळे वर केले. अशा वेळी असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी केला नसावा. "झालंय," ते म्हणाले. "ती मला सांगत होती, जाऊ नकोस म्हणून."

आपलं काय चुकलं ते कळून घुमीचे कान तापले. पण दुसरी एक गोष्टही तिला दिसली. बायकोबद्दल बोलताना त्यांचा श्वास जागेवर आला होता. बोलणं थांबलं, नजर दाराकडं गेली, की धाप पुन्हा सुरू. मग लाजायला सवड कुणाला होती? बायको कुठं भेटली, आधी कोण बोललं, सासऱ्यांना जावई पसंत पडला का, भांडण कशावरून होतं, घोरण्यावरून की पसाऱ्यावरून, असे प्रश्न ती एकामागून एक विचारत सुटली. लिंग चुकत होतं, वचन चुकत होतं, एकदा तर सासरेबुवांना तिनं सासूबाई करून टाकलं. परीक्षक उत्तरं देत राहिले.

मधेच त्यांना पुन्हा भीतीनं गाठलं. "आपण अडकलोय," ते पुटपुटले.

घुमी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. स्पॅनिशमध्ये 'असणं' दोन प्रकारचं. कायमच्या असण्याला एक क्रियापद, 'सेर'; आणि तात्पुरत्या अवस्थेला दुसरं, 'एस्तार'.

"सर, तुम्ही आत्ता 'एस्तार' वापरलंत," ती म्हणाली. "म्हणजे आपलं हे अडकणं तात्पुरतं आहे."

"मेलेल्या माणसालाही आम्ही 'एस्तार'च लावतो," परीक्षक खोल आवाजात म्हणाले.

घुमीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे तुमच्या भाषेला तेही कायमचं वाटत नाही."

परीक्षकांच्या मिशा थरथरल्या. घुमीला वाटलं, आता हे रडणार. पण ते हसायला लागले, आणि हे नापास करतानाचं सभ्य हसू नव्हतं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले.

इकडं मॅडमनी काचेतून डोकावून पाहिलं. पाहतात तो घुमी बोलतेय. घुमी! तीही हातवारे करून, आणि परीक्षक जमिनीवर बसून ऐकताहेत. नवी पद्धत असेल, असं मॅडमनी धरलं. परीक्षकांनी त्यांना पाहताच दोन्ही हात जोरजोरात हलवले. मॅडमनीही आनंदानं हात हलवला आणि त्या चोरपावलांनी मागं फिरल्या. इकडं कुणी फिरकू नका, असा त्यांनी बाकीच्या मुलांना दम भरला. तीन वर्षांनी उघडलेलं तोंड त्यांना बंद पाडायचं नव्हतं.

आत बायको आणि सासर संपलं, तेव्हा घुमीनं अभ्यासक्रमातल्या कादंबरीचा विषय काढला. कादंबरीचा शेवट तिला मुळीच पटलेला नव्हता. नायिकेनं स्वतः घर सोडायला नको होतं, नवऱ्यालाच बाहेर काढायला हवं होतं, असं तिचं म्हणणं. परीक्षकांना तोच शेवट प्राणप्रिय. झालं, वाद पेटला. परीक्षक उठून उभे राहिले, घुमीही उठली. नायिकेचा नवरा निर्दोष होता असं ते म्हणाले तेव्हा घुमीनं टेबलावर हात आपटला. दार, मूठ यांची दोघांनाही शुद्ध राहिली नव्हती.

बाहेर ताटकळलेली मुलं कुरकुरू लागली, तेव्हा कुठं मॅडमनी नाइलाजानं बाहेरची मूठ फिरवली. दार लोण्यासारखं उघडलं.

"अजून थोडा वेळ," परीक्षक त्यांच्याकडं न बघता म्हणाले, आणि मग एकदम भानावर येऊन त्यांच्या बाजूनं व्हरांड्यात धावले.

दोन पेले पाणी पोटात गेल्यावर त्यांनी मॅडमना सगळी हकिगत सांगितली. प्रश्न सगळे मुलीनं विचारले आणि उत्तरं आपण दिली, तेव्हा खरं तर पास आपण झालो आहोत, असं ते म्हणाले. तरीही त्यांनी घुमीला आजवर कुणाला दिले नव्हते इतके गुण दिले. मॅडमना रडू आवरेना. घुमी मात्र अजून नायिकेच्याच विचारात होती.

बाकीच्या परीक्षा मग व्हरांड्यातच झाल्या. परीक्षकांनी घुमीला घरी जाऊ दिलं नाही. आपला श्वास अजून ठिकाणावर नाही, सगळं संपेपर्यंत ही मुलगी शेजारी हवी, असं त्यांनी सांगितलं. म्हणून खुर्चीला खुर्ची लावून ती बसली. वर्गात सर्वांत फर्डा बोलणारा मुलगा समोर आला. दोन वाक्यं झोकात म्हणाला आणि तिसऱ्यात भूतकाळाच्या रूपावर अडखळून ततपप करू लागला. परीक्षक सभ्यपणे हसण्याच्या बेतात होते.

तेवढ्यात शेजारून खणखणीत आवाजात बरोबर रूप आलं.

मॅडमच्या हातातली पेन्सिल खाली पडली. घुमीनं इकडंतिकडं पाहिलं, हे कोण बोललं म्हणून, आणि सगळे आपल्याकडंच बघताहेत हे कळल्यावर तिनं खाली वाकायचा प्रयत्न केला नाही. ताठ बसून ती त्या मुलाला म्हणाली, "घाबरू नकोस रे. सर फार छान उत्तरं देतात. तू आधी त्यांच्या बायकोबद्दल विचार."