ग्लँडखालचा निळा रंग

केबल भिंतीतून आत येते तिथे तिला आवळून धरणारा जो पितळी ग्लँड असतो, त्याच्या पोटात बारीक पट्ट्यांचं एक कडं असतं. केबलवरची तारांची जाळी त्या कड्याला आणि ग्लँड भिंतीच्या पत्र्याला सगळीकडून टेकला, की बाहेरच्या रेडिओलहरी, म्हणजे फोनचा सिग्नलसुद्धा, आत शिरत नाहीत. आमच्या लॅबमधल्या, यंत्रांच्या चाचणीच्या पत्र्याच्या खोलीतला ग्लँड टेकला होता, पण निळ्या रंगाला. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी आदल्या दिवशी ग्लँड काढून पत्रा रंगवून घेतला होता. रंगातून वीज जात नाही हे साहेबांना माहीत होतं. पण तो कंपनीच्या पाटीशी जुळतो, याचाच त्यांना जास्त आनंद होता.

"या खोलीत बाहेरची एक लहर जरी आली ना," सकाळपासून ज्यांचं यंत्र आमच्या चाचणीत नापास होत होतं, त्या पाहुण्या इंजिनिअरना जाड दार लावून घेत साहेब म्हणाले, "तर मिशी उतरवीन."

माझ्या खिशातला फोन वाजला.

ताई! खरं तर तिचे फोन टाळायलाच मी या खोलीत येऊन बसायची. मला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि साहेबांना ते सांगणं रोज राहून जात होतं. मी तोंड उघडलं की साहेब म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून ही लॅब आहे." मग मी तोंड मिटायची आणि चहाचे कप धुवायला जायची. आमचे कप फार स्वच्छ झाले होते.

"म्हणजे आमचं यंत्र ठीक आहे," इंजिनिअर शांतपणे म्हणाले. "तुमची खोलीच गळते."

मी घाईघाईने फोन बंद करायला गेले.

"थांबा, बंद करू नका. स्पीकरवर टाका आणि बोलत राहा," फिटरला बाहेर पाठवून दार पुन्हा लावत साहेबांनी फर्मावलं. "फिटर बाहेरून रंग खरवडून ग्लँड आवळेल. कॉल तुटला की समजायचं, गळती थांबली."

"साहेब, घरचा फोन आहे."

"मग आपण कोण परके आहोत?"

मी फोन घेतला.

"उचललास एकदाचा," ताई म्हणाली. "सांगितलंस का?"

"ताई, तिकडे हवा कशी आहे?"

"एका गल्लीत राहतो आपण. हवा कसली विचारतेस?"

बाहेर खरवडायला सुरुवात झाली. तो आवाज थेट माझ्या दाढेत जात होता.

"भाचा काय म्हणतो माझा?"

"झोपलाय. विषय बदलू नकोस. त्या मिशीवाल्याला एवढी काय घाबरतेस गं?"

साहेबांचा हात मिशीकडे गेला. इंजिनिअर मन लावून छत बघू लागले. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर.

"सरळ तोंडावर सांग," ताई म्हणाली, "की सोमवारपासून मी—"

कॉल तुटला. बाहेरून भिंतीवर टकटक झाली. फिटरने ग्लँड उत्तम आवळला होता, फक्त अर्धं वाक्य लवकर.

"सोमवारपासून काय?" साहेबांनी विचारलं.

मी फोनकडे पाहिलं. सिग्नलची एकही दांडी नव्हती. त्या खोलीत आता बाहेरून काहीच येणार नव्हतं, ताईसुद्धा नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. धुवायला एक कपही नव्हता.

"सोमवारपासून मी येणार नाही, साहेब. मी नोकरी सोडतेय."