काकूंचं म्हायेरचं नाव

आमच्या शेजारचे आप्पा माणसाला रामराम घालत नाहीत, थेट आईचं नाव विचारतात. मांडवगणच्या स्टँडवर कुणी निवांत तंबाखू मळत बसला की आप्पा पुढ्यात उभे.

"आईचं नाव काय रं?"

"लक्ष्मीबाई."

"ह्ये सासरचं झालं. म्हायेरचं?"

इथं भलेभले तंबाखू थुंकायच्या निमित्तानं उठतात. गोठ्यातल्या गाईच्या आईचं नाव पाठ असतं, स्वतःच्या आईचं नाही.

मला वाटलं, सरकारनं पोरांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा नियम केला, त्याचं हे खूळ. मी इथल्या शाळेत बाई आहे. दाखल्यावर आधी पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं. परवा एक बाप आला. बायकोचं नाव विचारलं तर गड्यानं तिलाच फोन लावला. "आगं, आधारवर तुझं नाव काय हाय?" घरात ती पूजा आणि कागदावर मंगल. आता हसावं की कपाळ बडवावं?

माझं तरी काय वेगळं? मी माहेरची रेखा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'स्वाती' लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, संपली रेखा. लेकाच्या दाखल्यावर आईचं नाव लागलं खरं, पण तेही बापाच्याच पसंतीचं. सरकार तरी कुठं कुठं पुरणार? जीआर पंचायतीपर्यंत येतो, उंबऱ्याच्या आत त्याला कुत्रं विचारत नाही. माझा तर त्यावरचा विश्वासच उडालाय.

एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, लोकांच्या आया पुरे झाल्या. आपल्या काकूंचं माहेरचं नाव सांगा बघू."

आप्पा ओट्यावर बसले. "त्येच तर घावना, बाई."

विमलकाकू म्हणजे त्यांची बायको. हल्ली त्यांना काही आठवत नाही. आप्पांना परका माणूस समजतात, त्यांच्या हातचा घास घेत नाहीत. "मला घरी सोडा" एवढंच चालू असतं. दौंडचे डॉक्टर म्हणाले, लहानपणच्या नावानं हाक मारा, ओळखीचं वाटलं तर जेवतील. आणि तेच नाव आप्पांना ठाऊक नाही.

"पत्रिकेत आसंल की छापल्यालं. पर तवा कोन वाचतंय? पाटसच्या लोकांची थोरली, एवढंच म्हाईत. तांदळात विमल लिवलं, झाली विमल."

पाटसलाही जाऊन आले. मेहुणे वारलेत, भाचे म्हणाले, आम्ही नुसतं आत्याच म्हणायचो. शाळेत नाव असायला शाळेत घालावं लागतं. मग हा माणूस त्या काळच्या बायांची नावं गोळा करत गावभर हिंडत होता, त्यातलं एखादं तरी लागू पडेल म्हणून.

काल संध्याकाळी वाटीभर कालवण द्यायला गेले. आप्पा ताट घेऊन काकूंसमोर बसले होते.

"ठकू?"

"ओ," काकू म्हणाल्या.

आप्पा ताटासकट पुढं सरकले. खात्री करावी म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, "का सोना?"

"ओ."

"चंद्रभागा?"

"ओ."

आप्पांनी ताट खाली ठेवलं. "आगं, पर त्यातलं तुझं खरं कंचं?"

काकूंनी डोईवरचा पदर पुढं ओढला, नव्या नवरीसारख्या लाजल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमी ठिवाल त्ये."