सरासरीबाहेरची जमीन

जमिनीखाली काय दडले आहे, हे जाणून घेण्याची इच्छा मनुष्याला अनादिकालापासून आहे. फक्त ते अपेक्षेप्रमाणे निघावे, एवढीच त्याची अट असते.

याच उदात्त हेतूने बारा ठिकाणी चुंबकमापन केंद्रे उघडण्यात आली. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात खळबळ झाली की जमिनीत वीज खेळते. जिथे ती सहज वाहते, तिथे मापकावरचा आकडा वेगळा येतो. हा वेगळेपणा शोधणे, हेच योजनेचे एकमेव उद्दिष्ट होते. चेन्नईचे केंद्र प्राणेश राव सांभाळत. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ नऊ वर्षे हंगामी होते आणि येत्या मार्चमध्ये कायम होणार होते. दुर्दैवाने त्यांच्या केंद्राला वेगळेपणा सापडला. अकरा केंद्रांवर आकडा विसाच्या आसपास, चेन्नईत एक्केचाळीस.

मुख्यालयाने खुलासा मागवला. रावांनी लिहिले, 'जवळ समुद्र आहे. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते.' समुद्र हंगामी की कायमस्वरूपी, अशी उलट विचारणा आली. (रावांना समुद्राचा हेवा वाटला.) मग त्रिसदस्यीय समिती विमानाने आली, किनाऱ्यावर उभी राहिली, तिने उकडलेल्या हरभऱ्यांचे सुंडल खाल्ले आणि 'पाहणीच्या वेळी समुद्र उपस्थित होता' असा शेरा मारला.

समितीच्या प्रमुख हेमलताबाई पुण्याच्या. मराठी ऐकून त्या विरघळल्या.

"अहो राव, बाकीची केंद्रं कशी शहाण्यासारखी वागतात! तुमचंच काय बिनसलंय?"

"मॅडम, इथली जमीनच वेगळी आहे. मी काय करू?"

"जमिनीला कोण विचारतंय? सरासरीपासून दहा टक्क्यांहून जास्त ढळलेलं केंद्र निष्काळजी ठरतं. निष्काळजी माणसाला कायम कसं करू, तुम्हीच सांगा."

घरी पत्नी कृष्णवेणीने निकाल दिला, "अय्यो, समुद्र कायमच आहे, तो कुठं जातो? तुम्ही अगोदर कायम व्हा की!"

रावांनी तीन दिवस यंत्र तपासले. ते निर्दोष निघाले, ही फार वाईट बातमी होती. चौथ्या दिवशी त्यांनी शेजारच्या (म्हणजे चारशे किलोमीटर आतल्या) केंद्राचे आकडे चेन्नईच्या नावाने सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवले.

मार्चमध्ये राव कायम झाले. बाराही ठिकाणी जमिनीखाली वेगळे काहीही नाही, सबब शोध यशस्वी झाला, असे अंतिम अहवालात नमूद आहे. एक्केचाळीसचा कागद घडी करून रावांच्या डुगडुगत्या खुर्चीखाली घालण्यात आला. खुर्ची आता स्थिर आहे.

राव कायम झाले हे वाचून, सहृदय वाचका, तुला बरे वाटले. साहजिक आहे. जमिनीखाली खरोखर काय होते, हे तूही विचारले नाहीस. तुझी नोंद सरासरीत घेतली आहे.