हनीफ सरांचे चार गट

हनीफ सरांचा घसा बसला की मला चार तऱ्हेचा चहा करावा लागे. पहिल्या दिवशी नुसत्या आल्याचा, दुसऱ्या दिवशी नुसत्या पुदिन्याचा, तिसऱ्या दिवशी दोन्हींचा, चौथ्या दिवशी साधा. रोज वहीत नोंद. पाचव्या दिवशी घसा आपोआप सुटला की सर माझ्यावरच चिडत, जणू मीच तो परस्पर सोडवला.

नवापूरबाहेर हमरस्त्यालगतच्या औषधनिर्माण कॉलेजात सर संशोधन करायचे आणि मी पांढऱ्या उंदरांचे पिंजरे सांभाळायची. सरांचा विषय जखमेचा. त्यांच्याकडे दोन पेप्टाइडं होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. ही दोन्ही कारखान्यात कृत्रिमरीत्या बनवलेली. सुरतहून बर्फाच्या डब्यात रेल्वेने येत, आणि माहेरवाशिणीला आणायला जावं तसे सर स्टेशनवर जात. एक जखमेत नव्या रक्तवाहिन्या वाढवतं, दुसरं पेशींना जखमेकडे सरकवतं, असा अंदाज. दोन्ही सोबत दिली तर जखम लवकर भरते का, एवढाच प्रश्न. त्यासाठी सारखीच जखम केलेल्या उंदरांचे चार गट: एकाला पहिलं, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला नुसतं मिठाचं पाणी.

"सर, सगळ्यांनाच दोन्ही द्या की. बरे होतील बिचारे."

"होतील. पण कोणामुळे, बाई?"

हे 'कोणामुळे' मी वर्षानुवर्षं सोसलं. खांडबाऱ्याच्या एका लग्नात कुणी म्हणालं, जोडा काय शोभतो. सर म्हणाले, "शोभतो. पण एकेकटे कसे दिसत होते, ते कोणी मोजलं?" वरमाईने आम्हाला पंगतीत शेवटी बसवलं. सर स्वतः बिनलग्नाचे, त्यामुळे त्यांच्या घरी तुलनेला दुसरा गटच नव्हता.

संध्याकाळी निघायच्या वेळी ते पिंजऱ्यांपुढे स्टूल टाकून उंदरांशी गप्पा मारत. घड्याळ लावून, प्रत्येक गटाशी पाच मिनिटं. एकाशी जास्त बोललं तर निकाल बिघडेल म्हणे. माझं बसचं गणित मात्र रोज बिघडे.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. पेप्टाइडं एका अभ्यासापुरती उरली होती, उंदरांवरच्या प्रयोगाची परवानगीही तेवढीच. हे बिघडलं तर पुन्हा संधी नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि तरी.

तेव्हाची मी म्हणजे केस पिकायला लागलेली, अक्कल हिरवीच. आज नातवंडांना शहाणपण शिकवते, त्यांना हे सांगत नाही. इतरांना सुरतेचं औषध आणि चौथ्या गटाला मीठपाणी, हा कुठला न्याय? मी घरून डबीत हळद नि तूप नेऊ लागले. सकाळी लवकर येऊन लावायची, सर यायच्या आत कापसाने पुसायची. चौथ्या गटासाठी संकष्टीही धरली.

चौथा गट थेट तिसऱ्याच्या बरोबरीने भरला. चौकोन आखलेल्या पारदर्शक कागदावर जखमा उतरवल्या होत्या, त्यांचे चौकोन सरांनी तीनदा मोजले. मग स्टुलावर बसले.

"मिठाच्या पाण्याने जखम भरते, असं लिहू का, बाई?"

ते चिडले असते तर मी गप्प बसले असते. चिडले नाहीत.

"सर, हयद मी लायी." घाबरले की माझी शाळेतली मराठी पळून जाते आणि अहिराणी उरते. "तूप बी. रोज. यास्ना कोनी नव्हतं ना."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "गटातल्या सगळ्यांना सारखी लावली?"

"हाव. चिमूट चिमूट."

"पद्धत तरी पाळलीत."

नोकरी गेली असं धरून मी डबा पिशवीत भरला. सरांनी नोंदवही ओढली. अभ्यास रद्द करण्याचं कारण म्हणून लिहिलं: चौथ्या गटावर बाहेरचा उपचार झाला, देखरेख माझी, चूक माझी. खाली सही केली. माझं नाव कुठेच नव्हतं.

"सर, तुमची इतकी वर्षं गेली."

त्यांनी स्टूल चौथ्या गटापुढे सरकवलं.

"त्यांना कोणी नाही, असं वाटलं ना तुम्हाला," ते म्हणाले. "मला वाटायचं, हे मला एकट्यालाच दिसतं."