शिडी सध्या कामात आहे

त्या रविवारी सकाळी मी ठरवलं, पन्हळ आपणच साफ करायची. एवढंच. क्रांती करायचा माझा काही विचार नव्हता. घरातल्या मोठ्यांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी घर विकायला काढलंय.

पन्हळीचं काम छपरावरचं पाणी वाहून नेणं. आमची पन्हळ सात वर्षांपासून काहीही वाहून नेत नव्हती. तिच्यात मागच्या झाडाची पानं गच्च बसली होती. पाणी यायचं, पानं बघायचं आणि आल्या पावली वळून वरच्या खोलीच्या भिंतीतून आत शिरायचं. त्यामुळे दर पावसाळ्यात वरची खोली गळायची, आणि त्यामुळे मी खाली आत्याबरोबर राहायचे.

अकरावीत असताना बाबांनी मला वचन दिलं होतं, "ज्या वर्षी वरची खोली गळणार नाही, त्या वर्षी ती तुझी." मी अकरावी झाले, बारावी झाले, पदवी झाली, नोकरीही लागली. (घरून काम करायची. घर म्हणजे आत्याची खोली.) पन्हळ आहे तिथेच.

आत्या बाबांची मोठी बहीण. त्रेसष्ट वर्षांच्या, पूर्ण टक्कल पडलेल्या माझ्या वडिलांना ती अजून 'बाळ' म्हणते. पहाटे पाचला ती रेडिओ लावते आणि ज्या गावांना आपण जन्मात जाणार नाही त्यांच्या हवामानाचा अंदाज ऐकते. त्यानंतर पेपर. पेपर ती मोठ्याने वाचते, कारण "मनात वाचलं की लक्षात राहत नाही." मागच्या महिन्यात माझी ऑफिसची मीटिंग चालू असताना तिने माझ्या पाठीमागे बसून निधनवार्ता वाचायला घेतल्या. 'प्रदीर्घ आजाराने' एवढं ऐकून माझ्या बॉसने मला दोन दिवसांची रजा दिली. ती रजाही मी आत्याबरोबरच त्या खोलीत काढली.

तेव्हा पन्हळ हा माझ्यासाठी पत्र्याचा प्रश्न नव्हता. जगण्याचा होता.

"बाबा, पाऊस पंधरा दिवसांवर आला. पन्हळ?"

"झालीच म्हणून समज," बाबा म्हणाले.

बाबा आयुष्यभर एका कचेरीत नकाशे काढायचे. त्यामुळे कुठल्याही कामाचा नकाशा झाला की ते काम झालं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. पन्हळीचा नकाशा सात वर्षांपूर्वीच झालाय. वरून, समोरून आणि मधोमध कापल्यावर ती कशी दिसेल, सगळं तीन रंगांत. पानंसुद्धा हिरव्या पेन्सिलीने काढलेली. आता फक्त साफ करणं राहिलंय, म्हणजे किरकोळच.

ते किरकोळ काम उन्हाळ्यात होत नाही, कारण पत्रा तापतो. पावसाळ्यात होत नाही, कारण पत्रा निसरडा होतो. हिवाळ्यात खरं तर व्हायला हवं, पण तेव्हा झाडाची पानं गळत असतात. "पूर्ण गळू देत," बाबा म्हणतात. "एकदाच काय ते साफ करू. उगाच दोनदा कशाला?" या हिशेबाने आमची पन्हळ साफ व्हायला आधी झाड मरावं लागेल. आणि झाडाची तब्येत उत्तम आहे.

"शिडी कुठंय?" मी विचारलं.

"मागे. पण ती सध्या कामात आहे."

"कामात? सात वर्षं शेडला टेकून उभी आहे ती! तिच्याइतकी निवांत बाई या घरात दुसरी नाही."

"निवांत बाई या घरात एकही नाही!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, ऐकून तरी घे," बाबा खुर्चीतून उठायच्या बेतात आले. (बाबांचं उठणं ही तीन टप्प्यांची योजना आहे. आधी चष्मा, मग चपला, मग हवेत काहीतरी आठवणं.) "ती शिडी तिथे मी मुद्दाम लावली आहे. त्यामागे विचार आहे."

"या घरात सगळ्यामागे विचारच आहे बाबा. पुढे काही नाही."

"थांब. तुला नकाशाच दाखवतो."

झालं! नकाशा! बाबांचे नकाशे कपाटावर गुंडाळून ठेवलेले असतात, साधारण ऐंशी एक, आणि एकावरही नाव नसतं. तो सापडेपर्यंत पाऊस येऊन गेला असता. मी सरळ मागच्या अंगणात गेले.

मागे आमची पत्र्याची शेड आहे. (होती.) तिच्यात अर्धे संपलेले रंगाचे डबे, चाक नसलेली सायकल, सायकल नसलेलं चाक आणि 'कधीतरी लागेल' या सदरातला सगळा माल. शेडच्या कोपऱ्यातल्या खांबाला शिडी टेकवलेली. मी तिला धरून ओढलं. जरा जास्तच ओढावं लागलं. शिडी कर्रर्र करून सुटली आणि मी दोन क्षण श्वास रोखून शेडकडे पाहिलं.

काहीही झालं नाही.

मी मोठ्याने हसले. सात वर्षांचा विचार! एका झटक्यात! शिडी खांद्यावर घेऊन मी घराच्या बाजूला आले, ती छपराला लावली आणि वर चढले.

पुढचा पाऊण तास माझ्या आयुष्यातला सर्वांत कर्तबगार पाऊण तास होता. पन्हळीतून मी चार घमेली पानं काढली, तीन चेंडू काढले, डाव्या पायाची एक चप्पल काढली आणि मुळांसकट एक रोप काढलं, जे माझ्या कमरेएवढं झालं होतं. आईला बादलीभर पाणी वर द्यायला लावलं आणि ओतलं. पाणी खळखळ करत खाली गेलं. सात वर्षांत पहिल्यांदा! मी वरूनच भाषण सुरू केलं.

"बघितलंस ना आई? पाऊण तास! या कामाला पाऊण तास लागतो! आणि या घरातली माणसं सात वर्षं–"

"अगं, ते काय वाजतंय?" आई म्हणाली.

मागून आवाज येत होता. म्हातारा माणूस खुर्चीत बसताना करतो तसा, लांबलचक, कण्हत. मी शिडीवरून मान वळवली. आमची शेड बसत होती. घाईने नाही, अगदी सवडीने. आमच्या घरातली वस्तू, तिला घाई कसली?

इतक्यात बाबा नकाशा घेऊन बाहेर आले.

"सापडला! हे बघ," त्यांनी तो ओट्यावर पसरला आणि कानावरची पेन्सिल काढली. "शेडचा खांब खालून कुजलाय. म्हणून शिडी. टेकू क्रमांक एक. शिडी काढली तर शेड पूर्वेला झुकेल."

शेड पूर्वेला झुकली.

"बाबा!"

"झुकली की कपडे वाळत घालायची तार ताणली जाईल. कारण तारेचं एक टोक शेडला, दुसरं कुंपणाला."

तार ताणली गेली. तारेवरचा बाबांचा पायजमा टुणकन उभा राहिला आणि दोन्ही पाय फाकवून आमच्याकडे बघू लागला.

"बाबा, अहो वाचताय काय! काहीतरी करा!"

"तेच सांगतोय. मग कुंपण." बाबांनी पेन्सिलीने खूण केली. "आत, की बाहेर?" त्यांनी चष्मा वर केला, नकाशा डोळ्यांजवळ नेला. "आत."

कुंपण आत पडलं. सगळं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक, शाळेची रांग खाली बसावी तसं.

"आणि शेवटी फाटक," बाबा म्हणाले. "फाटकाचं बिजागर तुटल्यापासून ते कुंपणालाच बांधलंय ना."

फाटकही आत आडवं झालं. रंगाचा एक डबा घरंगळत आला आणि बाबांच्या पायाशी थांबला. बाबांनी नकाशाची गुंडाळी केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचं काम कुणीतरी पूर्णत्वाला नेलं होतं.

खिडकीत आत्याचं डोकं आलं. "बाळ, काय पडलं रे?"

"सगळं, अक्का."

"हां, मग ठीक आहे. मला वाटलं रेडिओ बिघडला."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सुताराला बोलावलं. मिस्त्री आले, अंगणात फिरले, खांब पाहिला, तार पाहिली. मग बाबांनी त्यांच्यापुढे नकाशा उघडला. मिस्त्रींनी त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनी टोपी काढली.

"साहेब, एका शिडीवर एवढा पसारा उभा ठेवलात तुम्ही? सात वर्षं?"

"सात वर्षं, तीन महिने," बाबा विनयाने म्हणाले.

"आम्हाला नसतं जमलं. मग शिडी हलवली कुणी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावरून जाणारा एक अनोळखी सायकलवालासुद्धा थांबला आणि त्यानेही माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या मिस्त्री," बाबा म्हणाले. "लहान आहे."

(मी तेवीस वर्षांची आहे. पण अंगणभर पत्रे पसरलेले असताना वयाचा मुद्दा काढता येत नाही.)

"मग कामाला कधी सुरुवात करता?" मी विचारलं.

"आता पाऊस तोंडावर आला ताई," मिस्त्री आभाळाकडे बघत म्हणाले. "ओल्या लाकडात काम टिकत नाही. पाऊस संपू दे, मग बघू."

बाबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन म्हणाले, "फार विचारी माणूस."

पण मी हरले नव्हते. कारण पाऊस आला, महिनाभर धो धो पडला, आणि वरची खोली ठणठणीत कोरडी राहिली! मी रोज सकाळी वर जाऊन भिंतीला हात लावायचे. महिना संपला त्या दिवशी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा. खोली गळली नाही."

"नाही गळली," बाबांनी मान्य केलं.

"वचन."

"वचन म्हणजे वचन. खोली तुझी."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "खरंच कोरडी आहे का गं? बघून तरी येते." आत्याच्या गुडघ्यांनी दहा वर्षांत जिना चढला नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. ती एक एक पायरी करत वर गेली आणि अर्ध्या तासाने वरून हाक आली.

"बाळ! फार छान वारा येतो रे इथे! माझी गादी पाठव वर."

"अहो बाबा, खोली माझी आहे!"

"तुझीच आहे," बाबा गादी गुंडाळत म्हणाले. "पण अक्काला नाही कोण म्हणणार? तू म्हणतेस?"

मी जिन्याच्या तोंडाशी गेले, वर पाहिलं आणि परत आले.

मग माझ्या लक्षात आलं. आत्या वर गेली म्हणजे खालची खोली रिकामी! माझी! एकटीची! रेडिओ वर, पेपर वर, आत्या वर. मी दार लावून घेतलं, टेबल खिडकीशी सरकवलं आणि शांततेत बसले. असं मी पूर्ण दोन तास बसले. अजूनही ते दोन तास मला आठवतात.

मग जिन्यावरून आवाज आला.

"अगं ए, मला एकटीला करमत नाही इथे. बोलायला कुणी नाही. आणि खोली तुझीच आहे ना? मग तू खाली काय करतेस? ये वर!"

मी दार उघडलं. बाहेर बाबा बाह्या सरसावून उभे होते. त्यांच्यामागे आई.

"कॉटची ती बाजू तू धर," बाबा आईला म्हणाले. "ही खोली रिकामी झाली की माझी कागदपत्रं इथे नीट लावता येतील."

"बाबा, थांबा! आजच कशाला?" मी म्हटलं. "एवढी काय घाई आहे? पुढच्या रविवारी करू की!"

"छे गं," बाबा कॉट उचलत म्हणाले. "काम दिसलं की करून टाकावं."

दहाव्या मिनिटाला माझी कॉट वर, आत्याच्या गादीशेजारी होती. बाबांनी ठरल्या दिवशी पूर्ण केलेलं ते पहिलं काम.